कांचपेटींतील भाऊबंदकी

घरांत शोभेचे मासे पाळण्याची हौस शहरांतून आतां चांगलीच रुजली आहे. ही हौस बहुधा एखाद्या लहानशा भांड्यांतील सोनेरी माशापासून सुरू होते; आणि थोडा अनुभव गांठीं आला, कीं दुकानांतील एका विशिष्ट पेटीकडे लक्ष वेधलें जातें. निळे, पिवळे, नारिंगी, काळ्या पट्ट्यांचे, समुद्रांतील प्रवाळांतच शोभावेत असे मासे त्या पेटींत दाटीनें फिरत असतात. हे मासे गोड्या पाण्यांतले आहेत आणि त्यांचें मूळ घर आफ्रिकेंतील मोठीं सरोवरें आहेत, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. सिक्लिड हें त्यांच्या कुळाचें नांव. हौशी गृहस्थ निरनिराळ्या रंगांचे सहा-सात मासे घरीं आणतो, पांढरी वाळू आणि एखादा शिंपला घालून पेटी सजवितो. दोन-चार दिवस शोभा दृष्ट लागण्यासारखी असते. मग एके सकाळीं एक मासा फाटलेल्या परांनिशीं वरच्या कोपऱ्यांत निपचित उभा दिसतो. पंधरा दिवसांत दोघे-तिघे मरतात आणि उरलेल्यांपैकीं एकच मासा साऱ्या पेटीचा धनी होऊन बसतो.

मासा दुष्ट निघाला, असा निकाल अशा वेळीं दिला जातो. परंतु तो साक्षीपुरावा न पाहतां दिलेला असतो. ह्या माशांचें भांडण स्वभावाचें नसून इस्टेटीचें आहे. महाराष्ट्रांत ज्याला भाऊबंदकी म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार होय. जागेची शीव, खाण्याचा वांटा आणि वंश चालविण्याचा हक्क ह्या तीन गोष्टींवरून तो माजतो. तो समूळ नाहींसा करतां येत नाहीं. परंतु त्याची वांटणी करून तो सुसह्य करतां येतो. सिक्लिड पाळण्याचें बहुतेक सारें शास्त्र ह्या एका गोष्टींत सामावलेलें आहे.

हें वतन मुळांत कसें असतें, तें आधीं पाहिलें पाहिजे. पूर्व आफ्रिकेंत भूकवचाला पडलेल्या प्रचंड भेगेंत टांगानिका आणि मलावी हीं दोन लांबट व खोल सरोवरें आहेत. टांगानिकाची खोली सुमारें १,४७० मीटर असून, खोलींत बैकल सरोवराच्या खालोखाल जगांत त्याचाच क्रम लागतो. मलावी, म्हणजे जुन्या नकाशांतील न्यासा, सुमारें ७०० मीटर खोल आहे. एकट्या मलावींत सिक्लिडांच्या पांचशेंहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतील जवळजवळ सर्व जगांत दुसरीकडे कोठेंही आढळत नाहींत. हें कुळ मराठी माणसाला मात्र अगदींच परकें नाहीं. उजनीच्या जलाशयांत सांपडणारी चिलापी ही ह्याच कुळांतील आफ्रिकी पाहुणी आहे, आणि गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर तर ह्या कुळाची अस्सल देशी शाखा आहे.

मलावीच्या किनाऱ्यावर जेथें खडकांच्या राशी पाण्यांत उतरल्या आहेत, तेथें राहणाऱ्या माशांना स्थानिक टोंगा भाषेंत म्बुना असें म्हणतात. जिऑफ्री फ्रायर ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें ह्या खडकाळ किनाऱ्यावरील माशांच्या आहारविहाराचा अभ्यास १९५९ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हांपासून त्यांचें जीवन शास्त्रज्ञांस नीट कळूं लागलें. तेथल्या प्रत्येक दगडावर शेवाळाचा मऊ थर असतो आणि त्या थरांत असंख्य सूक्ष्म जीव असतात. कोणाचे दांत हा थर खरवडण्यास, कोणाचे तो विंचरण्यास, तर कोणाचे त्यांतील किडे टिपण्यास योग्य असे झालेले आहेत. एक दगड, त्याखालची एक कपार आणि सभोंवतालचें थोडें शेवाळ, एवढें एका नराचें वतन. त्यावर त्याचें पोट चालतें, आणि मादी अंडीं घालण्यास येते तीही त्याच कपारीशीं. ज्याला वतन नाहीं त्याला संसार नाहीं. अशा स्थितींत तो शिवेवर जागता पहारा ठेवतो ह्यांत नवल तें काय? त्यांतही त्याचा सर्वांत मोठा राग परक्या जातीच्या माशावर नसतो. स्वतःसारखा दिसणारा नर हाच त्याचा खरा प्रतिस्पर्धी; कारण शेवाळावर आणि मादीवर दोहोंवरही हक्क सांगणारा तोच असतो.

सरोवरांत ह्या भांडणांतून सहसा कोणी मरत नाहीं. प्रथम दोघे पर ताणून एकमेकांस आपली कूस दाखवितात, मग शेपटीनें पाण्याचे तडाखे देतात, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर जबड्यांत जबडा अडकवून रेटारेटी करतात. हरलेला मासा रंग फिका करतो आणि चार-सहा हात दूर निघून जातो. तो शिवेबाहेर गेला, कीं खटला निकालांत निघाला. कांचपेटींत नेमकी हीच शेवटची पायरी नसते. हरलेल्याला जाण्यास जागा नाहीं. तो कोपऱ्यांत दबून बसला, तरी जिंकलेल्याच्या दृष्टीनें तो अजून शिवेच्या आंतच असतो. जो शत्रु पळूं शकत नाहीं तो हटून बसला आहे, असेंच त्याला वाटावें अशी परिस्थिति मालकानें निर्माण केलेली असते. म्हणून हल्ला थांबत नाहीं. पेटींतील मृत्यूचें कारण माशाच्या क्रौर्यापेक्षां कांचेच्या चार भिंतींत अधिक आहे.

मग त्या धटिंगणालाच उचलून बाहेर काढावें, ही पहिली युक्ति सर्वांना सुचते. ती फारशी लागू पडत नाहीं, ह्याचें कारण अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या रसेल फर्नाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या प्रयोगांत सांपडतें. टांगानिका परिसरांतील बर्टनि नांवाच्या सिक्लिडामध्यें थोडे नर वतनदार व तेजस्वी रंगाचे असतात, आणि बाकीचे माद्यांसारखे मळकट राहून दिवस काढतात. वतनदार नर काढून घेतला, कीं मळकट नरांपैकीं एक कांहीं मिनिटांतच रंग धारण करून त्याच्या गादीवर बसतो, हें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. २००७ सालचा प्रयोग तर अधिकच मनोरंजक आहे. एका तिऱ्हाइत नराला पांच नरांच्या जोडीजोडीनें होणाऱ्या झुंजी नुसत्या पाहूं दिल्या. पुढें ज्या दोघांची आपसांतील झुंज त्यानें कधींच पाहिली नव्हती असे दोघे त्याच्यासमोर ठेवले, तेव्हां त्यांतला कमजोर कोण हें त्यानें बरोबर ताडलें. ह्यावरून कांचपेटींतील प्रत्येक मासा पायरीपायरीनें कोणाच्या वर आणि कोणाच्या खालीं आहे, ह्याचा हिशेब सर्वांना ठाऊक असतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं. एक मासा काढल्यानें हा हिशेब मिटत नाहीं, नुसता पुन्हा मांडला जातो. बदलावयाची ती पेटीची मांडणी.

मांडणींत पहिली गोष्ट जागेची. उंच पेटी दिसण्यास सुरेख, परंतु ह्या माशांचें वतन तळावर आंखलेलें असल्यामुळें उंचीचा त्यांना उपयोग थोडा. म्बुना जातींसाठीं पेटीची लांबी निदान १२० सेंटिमीटर आणि रुंदी ४५ सेंटिमीटर असावी. अशा पेटींत सुमारें अडीचशें लिटर पाणी मावतें. दुसरी गोष्ट दगडांची. एक शिंपला आणि पांढरी वाळू ही शोभा माणसाची झाली. माशाला आडोसा लागतो. साधे काळे दगड पेटीच्या मागील बाजूस दोनतृतीयांश उंचीपर्यंत असे रचावेत, कीं पेटीच्या एका टोंकाला असलेल्या माशाला दुसऱ्या टोंकाचा मासा दिसूं नये. दृष्टीआड झालेला प्रतिस्पर्धी हा शिवेबाहेर गेल्यासारखाच असतो. प्रत्येक कपारीला दोन वाटा ठेवाव्यात, नाहीं तर आश्रयाला शिरलेला मासा तेथेंच कोंडला जातो. हे मासे वाळू उकरण्यांत पटाईत असल्यामुळें दगड वाळूवर रचूं नयेत. तळाच्या कांचेवर प्लॅस्टिकची पातळ चादर अंथरून त्यावर दगड पक्के बसवावेत आणि मग वाळू घालावी. हें न केल्यामुळें ढासळलेल्या दगडांखालीं मासे चिरडल्याचे व कांच तडकल्याचे प्रकार पुष्कळ घडतात.

तिसरी गोष्ट संख्येची, आणि ती प्रथम ऐकणाऱ्यास उफराटी वाटते. भांडण कमी करावयाचें तर मासे कमी न करतां वाढवावेत. पेटींत पांच-सहा मासे असले, तर बलिष्ठ नर त्यांतील एकाला हेरून दिवसभर त्याच्याच पाठीस लागतो. तेथें वीस-पंचवीस मासे असले, तर एकाचा पाठलाग करतांना दुसरा आडवा येतो, तिसरा शिवेवरून जातो, आणि कोणाचाही पाठपुरावा शेवटास जात नाहीं. मार तेवढाच राहतो, पण तो पंचवीस ठिकाणीं विभागला जातो. ही युक्ति मलावीच्या म्बुना जातींपुरती आहे. टांगानिकाच्या जोडीनें राहणाऱ्या जातींस ती लावल्यास अनर्थ होतो.

शिवाय ह्या गर्दीची किंमत मोजावी लागते, आणि ती पाण्यांत मोजावी लागते. ह्या सरोवरांचें पाणी अल्कधर्मी आहे. मलावीच्या माशांसाठीं पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता व अल्कता मोजण्याचें मान, ७.८ ते ८.६ आणि उष्णता २४ ते २७ अंश सेंटिग्रेड राखतात. टांगानिकाच्या माशांस सामू ह्याहूनही थोडा चढा चालतो. धरणांतून नळाला येणारें पाणी मृदु असल्यास वाळूंत शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा मिसळल्यानें काम भागतें. परंतु माशांच्या मलमूत्रांतून निघणाऱ्या अमोनियाचा विषारी अंश अल्कधर्मी पाण्यांत फार वाढतो. सामू ७ वरून ८ वर गेला, कीं तो अंश जवळजवळ दसपट होतो. म्हणून गर्दीच्या पेटीला जोरकस गाळणयंत्र पाहिजे, त्यांतील उपकारक जंतु वाढण्यासाठीं मासे सोडण्यापूर्वीं चार ते सहा आठवड्यांची तयारी पाहिजे, आणि दर आठवड्यास एकतृतीयांश पाणी बदलण्याचा नेम पाहिजे. ज्याला एवढा नेम पाळणें शक्य नाहीं, त्यानें ही गर्दी करूं नये.

चौथी गोष्ट निवडीची. एका नरामागें निदान तीन माद्या असाव्यात, कारण विणीच्या दिवसांत नर मादीला सारखा घोळसतो आणि एकच मादी असल्यास ती त्या त्रासानेंच खंगून मरते. सारख्या रंगाच्या व सारख्या पट्ट्यांच्या दोन जाती एका पेटींत ठेवूं नयेत. नवशिक्यानें ऑरेटस ह्या जातीच्या मोहांत पडूं नये. त्याचीं पिलें व माद्या सोन्यासारख्या पिवळ्या असतात, आणि दुकानांत तेच दिसतें. पुढें नर काळवंडतो आणि लहान पेटींत कोणाला जगूं देत नाहीं. उलट लॅबिडोक्रोमिस कुळीचा पिवळा मासा त्यामानानें शांत असून आरंभास योग्य आहे. डेमासोनि ह्या इवल्या निळ्या माशांत नर आणि मादी सारखेच दिसत असल्यामुळें सर्वजण सर्वांचे वैरी होतात. तो पाळावयाचा तर डझनाहून अधिक पाळावा, नाहीं तर मुळींच पाळूं नये. शक्य असेल तर सर्व मासे लहान वयाचे घेऊन एकाच दिवशीं सोडावेत. मागाहून नवा मासा आणणें भाग पडल्यास आधीं दगडांची रचना मोडून नवी करावी, दिवा मालवावा आणि मग त्याला आंत सोडावें. जुन्या शिवा पुसल्या गेल्या, कीं जुने आणि नवे सारेच उपरे होतात आणि नवागताला आपली जागा शोधण्यास अवधि मिळतो.

आहाराविषयीं थोडें सांगितलें तरी पुरे. म्बुना मासे बव्हंशीं शेवाळ खाणारे असून त्यांचें आंतडें लांब असतें. त्यांना मांसाचा खुराक दिल्यास पोट फुगण्याचा रोग जडण्याचा संभव असतो, आणि तो बहुधा घेऊनच जातो. हिरव्या वनस्पतींचा अंश असलेलें खाद्य दिवसांतून दोनदां, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. अधिक खाद्यानें भांडण शमत नाहीं. पाणी मात्र नासतें.

मांडणी साधली, कीं विणीसाठीं वेगळे प्रयास करावे लागत नाहींत. नर कपारीपुढची वाळू साफ करतो, रंग गडद करतो आणि मादीपुढें थरथरत नाचतो. मादी दगडावर थोडीं थोडीं अंडीं घालते आणि वळून लागलींच तीं तोंडांत उचलते. ह्या जातींच्या नरांच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. ते कशासाठीं आहेत, ह्याचा उलगडा वोल्फगांग विकलर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९६२ सालीं सुचविला. मादी त्या ठिपक्यांना अंडीं समजून टिपूं जाते, त्याच क्षणीं नराचें वीर्य तिच्या तोंडांत जातें आणि आधीं उचललेलीं अंडीं तेथेंच फळतात. त्यानंतर सुमारें तीन आठवडे ती तोंड मिटून असते. गळ्याखालचा भाग फुगलेला दिसतो आणि अन्न समोर आलें तरी ती जवळजवळ उपाशीच राहते. शेवटीं वीस-तीस, क्वचित् त्याहून अधिक, पुरतीं घडलेलीं, सुमारें एक सेंटिमीटर लांबीचीं पिलें तोंडांतून बाहेर पडतात.

ह्या तीन आठवड्यांत मालकाची परीक्षा असते. मादी मोठ्या पेटींतच ठेवली, तर तिला आडोसा मिळतो, पण पिलांपैकीं बहुतेक खाल्लीं जातात. कपारींत दडून दोन-चार वांचतात तीं सशक्त निघतात, आणि घरगुती हौसेला तेवढीं पुरेशीं असतात. सर्व पिलें वांचवावयाचीं असल्यास अठरा-वीस दिवसांनीं, रात्रीच्या अंधारांत, मादीला हलक्या हातानें लहान पेटींत न्यावें. ती घाबरली तर पिलें अवेळीं थुंकून टाकते. पिलें सुटल्यावर तिला लागलींच परत नेणें ही मात्र मोठी चूक ठरते. उपासानें ती अशक्त झालेली असते, आणि तिच्या गैरहजेरींत पायऱ्यांचा हिशेब नव्यानें मांडला गेलेला असतो. माहेराहून परतलेल्या सुनेसारखें स्वागत तिला मिळत नाहीं. तिला परकी समजूनच मार बसतो. आठ-दहा दिवस खाऊंपिऊं घालून, दगड हालवून, दिवा मालवून तिला आंत सोडावें.

टांगानिका सरोवरांत ह्याच वतनदारीचीं निराळीं रूपें पाहावयास मिळतात. मल्टिफॅसिएटस नांवाचा चार सेंटिमीटरांहून लहान मासा गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत संसार थाटतो. मूठभर शंख आणि पन्नास लिटर पाणी एवढ्यांत त्याचें सारें गांव वसतें. ब्रिचार्डाय जातींत आधींच्या विणीचीं पिलें थोरलीं होऊनही घर सोडत नाहींत, तर धाकट्या भावंडांची राखण करतात. एकत्र कुटुंबाचें हें चित्र गोड आहे. परंतु तें कुटुंब हळूहळू सारी पेटी व्यापतें आणि इतर माशांस घालवून देतें, हेंही लक्षांत ठेवावें. तोंडांत पिलें वाढविणाऱ्या माशांनाही तेथें ठक भेटतो. कावळ्याच्या घरट्यांत कोकिळेनें अंडीं घालावींत, त्याप्रमाणें ठिपक्यांचा एक मिशाळ मासा विणीच्या गोंधळांत आपलीं अंडीं पेरतो. सिक्लिड मादी तीं स्वतःचीं समजून उचलते, आणि मिशाळ माशाचीं पिलें आधीं जन्मून तिच्याच तोंडांत तिच्या पिलांना खातात. हा प्रकार तेत्सु सातो ह्या जपानी शास्त्रज्ञानें १९८६ सालीं उजेडांत आणला.

वीण सोपी आहे, म्हणूनच ती जबाबदारीची आहे. ह्या सरोवरांतील अनेक जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत, कीं पेटींत आपल्या जातीचा जोडीदार न मिळाल्यास त्या सहज संकर करतात. मादी आपला नर मुख्यतः रंगावरून ओळखते. व्हिक्टोरिया सरोवराचें पाणी गढूळ होत गेल्यामुळें ही ओळख पुसट झाली आणि जातींमधील भेद नाहींसे होऊं लागले, हें ओले सीहाउझन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं दाखवून दिलें. त्याच सरोवरांत विसाव्या शतकाच्या मध्यास सोडलेल्या नाईल पर्च ह्या खादाड माशामुळें सिक्लिडांच्या शेंकडों जातींवर संकट कोसळलें. मलावींतही सौलोसि नांवाचा सुंदर मासा, ज्याचा नर निळा आणि मादी पिवळी असते, शोभेच्या व्यापारासाठीं झालेल्या बेसुमार पकडीमुळें आपल्या मूळ खडकावर दुर्मिळ झाला आहे. तेव्हां मासे घेतांना पेटींत पैदास झालेलेच मागावेत, संकरज पिलें दुसऱ्यास देऊं नयेत, आणि नकोसे झालेले मासे विहिरींत, तळ्यांत किंवा नदींत तर कदापि सोडूं नयेत. चिलापी १९५२ सालीं भारतांत आणली गेली, आणि आज देशांतल्या कितीतरी जलाशयांत तिनें देशी माशांच्या वतनावर आपलें नांव चढविलें आहे.

तात्पर्य, सिक्लिडांच्या पेटींत संपूर्ण शांतता ही अपेक्षाच ठेवूं नये. जेथें कोणीच कोणाला हटकीत नाहीं, ती पेटी बहुधा आजारी असते. थोडी रेटारेटी, थोडा पाठलाग, ताणलेले पर आणि चढलेले रंग हें त्यांच्या प्रकृतीचें लक्षण होय. मात्र रोज सकाळीं खाद्य घालतांना मासे मोजावेत. कोणाचे पर फाटले आहेत, कोण पृष्ठभागाशीं उभा आहे, कोण खाण्यास पुढें येत नाहीं, हें पाहावें. तीन दिवस एकच मासा कोपऱ्यांत दिसला, तर त्याला त्याच दिवशीं हलवावें आणि संध्याकाळीं दगडांची रचना बदलावी. भाऊबंदकी मिटविण्याचें सामर्थ्य कोणांत नसतें; पण वांटणी न्यायाची करणें हें ज्यानें पेटी मांडली त्याच्या हातीं आहे.